बंदूक जमा करा म्हणाले, पण कागद कुठाय?

निवडणूक जाहीर झाली की कोकणातल्या गावात दोन गोष्टी हमखास होतात. भिंतींवरच्या जुन्या घोषणांवर चुना फिरतो, आणि पोलीस पाटलाचा फोन येतो, "दादा, साहेबांनी सांगितलंय, बंदूक उद्या ठाण्यात आणून जमा करा." कुणाचा आदेश, कुणाची सही, किती दिवसांसाठी, यातलं काही नाही. बहुतेक जण गोणपाटात बंदूक गुंडाळून तालुक्याला जातात, एका वहीत सही करतात आणि रिकाम्या हाताने परततात. पुढे निकाल लागतो, गुलाल धुतला जातो, वायंगणात (उन्हाळी भातशेतीत) डुकरं रोज रात्री वाफे उलथून टाकू लागतात, तरी बंदूक मालखान्यातच.

तालुका कोर्टात वकिली करताना अशा बंदुकांचे कागद बरेच हाताळले. कधी जमा केलेलं शस्त्र परत मिळत नाही, कधी नूतनीकरण अडकतं, कधी परवानाच रद्द होतो. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली. माणूस बंदुकीसाठी भांडायला जातो आणि हरतो. तोच माणूस कागदासाठी भांडला की बहुधा काहीतरी पदरात पडतं. तेव्हा हा लेख बंदुकीपेक्षा कागदाचाच आहे.

आधी हक्क कोणता ते पक्कं करा

मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरत असतात आणि ते पाहून काही जण ठाणे अंमलदाराला घटना शिकवायला जातात. अमेरिकेच्या घटनेत दुसरी दुरुस्ती आहे. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला. राज्याच्या किंवा शहराच्या अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क डावलला, तर त्याच्यावर थेट दावा लावण्याची सोय १८७१ च्या कायद्यापासून तिथे आहे. आपल्याकडे यातलं काहीच लागू नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतीय घटनेत नाही. आपल्या शेजारच्या कोडगूमधल्या कोडवांना परवान्यातून सूट आहे, पण तीही केंद्र सरकारने अधिसूचना काढून दिलेली सवलत आहे.

म्हणून "माझा हक्क आहे" असं म्हणण्याआधी कोणता हक्क, ते सांगता आलं पाहिजे. तुमच्या हातात तीन घटनात्मक आधार आहेत. अनुच्छेद १४ मनमानीविरुद्ध आहे. शेजारच्याला एक न्याय आणि तुम्हाला दुसरा, तोही कारण न सांगता, हे चालत नाही. अनुच्छेद २१ मुळे तुमच्याविरुद्धची कार्यवाही न्याय्य असावी लागते. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात पासपोर्ट काढून घेताना बाजू ऐकली नव्हती, हाच मुद्दा होता. परवाना काढून घेतानाही तोच लागतो. तिसरा अनुच्छेद ३००अ. परवाना सरकारचा असला तरी बंदूक तुम्ही पैसे मोजून घेतलेली किंवा आजोबांकडून आलेली मालमत्ता आहे, आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती कुणी अडकवून ठेवू शकत नाही.

या तिन्हींच्या जोडीला शस्त्र अधिनियम, १९५९ आहे, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त कामाला तोच येतो. त्याचं कलम १३ शेतकऱ्यांनी वाचलंच पाहिजे. पीक संरक्षणासाठी खरोखर गरज असेल, तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना प्राधिकाऱ्याने, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांनी, "द्यावा" असं तिथे लिहिलं आहे, "देता येईल" असं नाही. ठासणीची पुरेशी नाही असं प्राधिकाऱ्याला पटलं, तर साध्या नळीची दुसरी बंदूकही देता येते. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र "सबळ कारण" तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. नाकारण्याची कारणं कलम १४ मध्ये आहेत. अर्जदार कायद्याने मनाई असलेला, मनोरुग्ण किंवा अन्य कारणाने अपात्र असणं, किंवा सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी परवाना नाकारणं आवश्यक असणं. तुमच्याकडे पुरेशी जमीनजुमला नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. कूळ म्हणून दहा गुंठे कसणाऱ्याने हे वाक्य पाठ करून ठेवावं.

तोंडी निरोप आला त्या दिवशी

नाही म्हणू नका, वाद घालू नका, आणि लपवाछपवी तर मुळीच नको. तुमचा आवाज चढला की "परवानाधारक उर्मट असून शस्त्राचा दुरुपयोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही" हे वाक्य अहवालात आलंच समजा. शांतपणे एक पत्र लिहा. मजकूर साधा असावा:

"मा. पोलीस निरीक्षक यांस. विषय: परवाना क्रमांक अमुक यावरील शस्त्र जमा करण्याबाबत. महोदय, दिनांक अमुक रोजी मला वरील शस्त्र जमा करण्यास तोंडी सांगण्यात आले. याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा लेखी आदेश मला प्राप्त झालेला नाही. आदेशाची प्रत व त्यामागील कारणे कृपया द्यावीत. लेखी आदेश मिळताच मी त्याचे पालन करीन. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे."

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. टपाल घ्यायला नकार दिला तर तिथे उभं राहून वेळ घालवू नका. स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा, आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. पोचेचा तो चिटोरा पुढे उच्च न्यायालयात वकिलाच्या तासाभराच्या भाषणाइतका बोलतो.

एवढं करूनही "आत्ताच्या आत्ता ठेवून जा" असा आग्रह झाला तर ठेवा, पण पावतीशिवाय नाही. पावतीवर बनावट, क्रमांक, बोअर, काडतुसांची संख्या, शस्त्राची अवस्था, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव-हुद्दा असावा. "हक्क राखून जमा" एवढे तीन शब्द स्वतःच्या हाताने लिहा. घरून निघण्याआधी नळी, दस्ता आणि चाप यांचे फोटो काढा, तेलपाणी करून घ्या. पावसाळ्यात मालखान्यात पडलेल्या नळीचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रस्त्यात किंवा घरी पोलिसांनी परवाना पाहायला मागितला तर दाखवा. कलम १९ खाली तो मागण्याचा त्यांना अधिकार आहे. मात्र घराची झडती घेऊन परवान्यावरचं शस्त्र उचलायचं असेल, तर कलम २२ पाहा. तिथे दंडाधिकाऱ्याने आधी स्वतःच्या समजुतीची कारणं लिहून ठेवायची असतात. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण व्हायला हवं. ते झालं नाही, तर त्याच दिवशी तसं लेखी कळवा. सहा महिन्यांनी आठवलेली तक्रार कोर्टात अर्धी होते.

निवडणुकीतली सरसकट जमावणी

सर्वांत जास्त माणसं इथेच अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आचारसंहिता लागली की सगळ्या परवानाधारकांनी शस्त्रं जमा करावीत असा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये या प्रश्नावर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि निवडणूक आयोगाने त्यानुसार आपल्या सूचना केल्या. त्यांचा गाभा असा की जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती बसते. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त असतात. समिती परवानाधारकांची यादी माणूस-माणूस तपासते. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले, पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सापडलेले यांच्याकडे तिचा रोख असतो. ज्याचं शस्त्र जमा करणं समितीला आवश्यक वाटेल त्याला वैयक्तिक नोटीस जाते, ठाण्यात रीतसर पावती मिळते, आणि निकालानंतर ठरलेल्या मुदतीत शस्त्र परत द्यायचं असतं. बँकांचे सुरक्षारक्षक आणि स्पर्धांमध्ये उतरणारे नेमबाज यांना वेगळी वागणूक आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही सरसकट जमावणीला वेळोवेळी हरकत घेतली आहे, मार्च २०२४ मध्येसुद्धा. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण वाचून दाखवायला उपयोगी पडतो.

म्हणजे नोटीस आली की पहिला प्रश्न असा विचारायचा: छाननी समितीने माझं नाव कोणत्या कारणाने घेतलं? त्या बैठकीच्या इतिवृत्तातला तुमच्यापुरता उतारा माहिती अधिकारात मागा. तुमच्यावर एकही गुन्हा नाही, पंधरा वर्षं परवाना आहे, आणि यादीत तालुक्यातल्या सगळ्यांचीच नावं असतील, तर छाननी झालीच नाही हे त्या कागदावरूनच उघड होतं.

आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो साधारणपणे दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही, राज्य शासनाने वाढवला तरच पुढे जातो. आणि ज्याला त्याची झळ बसते तो माणूस त्याच दंडाधिकाऱ्याकडे आदेश मागे घेण्यासाठी किंवा बदलण्यासाठी अर्ज करू शकतो. अर्ज आला की लवकर ऐकून घेणं बंधनकारक आहे आणि फेटाळला तर कारणं लिहावी लागतात. हा अर्ज फारसं कुणी करत नाही. एक पानाचा असतो, आणि "डुकरांमुळे नुकसान, सोबत वनखात्याचा पंचनामा" एवढं जोडलं तरी वजन येतं.

जिल्हा परिषद आणि पंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या असतात. तेव्हा त्या आयोगाचा आदेश मागायचा, लोकसभेच्या वेळचा जुना कागद पुढे करू द्यायचा नाही.

निकालानंतर शस्त्र परत मिळालं नाही, तर पावतीची प्रत जोडून लेखी मागणी करा. आठवड्याने स्मरणपत्र द्या, आणि पोलीस अधीक्षकांना प्रत पाठवा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, पण त्याचे अर्ज आधी द्यावे लागतात. "आपले सरकार" संकेतस्थळावरची तक्रारही चालते. यातली बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण बंदूक अडकवून ठेवण्यात कुणाला रस नसतो. मुद्देमाल कारकुनाला फक्त वरून कागद हवा असतो.

अर्ज नुसताच पडून आहे

नवा परवाना असो की नूतनीकरण, पोलीस अहवाल तीस दिवसांत यायचा असतो आणि तो आल्यावर प्राधिकाऱ्याने साठ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अहवाल वेळेत आलाच नाही, तर त्याची वाट न पाहता आदेश देण्याची मोकळीक कलम १३ मध्येच आहे. तरी "अहवाल आला नाही" हे उत्तर वर्षानुवर्षं मिळतं.

क्रम असा ठेवा. मुदत उलटली की प्राधिकाऱ्याला स्मरणपत्र द्या आणि त्यात कलम १३ मधली ती मोकळीक लिहा. मग माहितीचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत. प्रश्न नेमके हवेत: माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे, तिथे कोणत्या तारखेला आला, टिपणीची प्रत द्यावी. "विलंब का झाला" असा प्रश्न विचारला की गोलमोल उत्तर येतं, कारण माहिती अधिकारात स्पष्टीकरण नव्हे, कागद मिळतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे द्वितीय अपील.

टेबल आणि तारीख हाती आली की आपल्या राज्याचा एक कायदा उपयोगी पडतो, ज्याला सगळे दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. २००५ चा तो अधिनियम बदल्यांचाही आहे, पण त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. हेतुपुरस्सर विलंब असेल तर शिस्तभंगाची कारवाई आहे. माहिती अधिकारातला उतारा जोडून वरिष्ठांकडे या कलमाखाली तक्रार गेली की फाईलला पाय फुटतात असा माझा अनुभव आहे. नेहमीच नाही, पण बऱ्याचदा.

एक जपा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी करा. परवान्याची मुदत संपली आणि शस्त्र घरात राहिलं, तर अर्ज पडून असला तरी गुन्हा तुमच्यावर चढू शकतो. शंका आली तर कलम २१ खाली ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून पावती घ्या. आजोबा वारले आणि ठासणीची माळ्यावर राहिली, तिथेही हाच सल्ला. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली आणि माणशी शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, हेही तपासून घ्या.

नाकारला किंवा रद्द केला तर

रद्द करण्याआधी बहुधा कारणे दाखवा नोटीस येते. तिला उत्तर न देणं ही सर्वांत महाग चूक. उत्तरात आधी नोटिशीत उल्लेखलेला पोलीस अहवाल मागा, कारण न पाहिलेल्या कागदाला उत्तर देता येत नाही. मग मुद्देसूद लिहा, आणि "समक्ष सुनावणी द्यावी" ही ओळ घाला. सुनावणीला गेलात तर रोजनाम्यावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिलं ते वाचूनच सही करा.

कलम १७ मध्ये रद्द करण्याची कारणं मोजकी आहेत. धारक अपात्र ठरणं, सार्वजनिक शांतता-सुरक्षितता, खोटी माहिती देऊन किंवा माहिती दडवून परवाना घेणं, अटींचा भंग, आणि परवाना सादर करायला सांगूनही न करणं. बांधावरून भावकीत मारामारी झाली, दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले, आणि तेवढ्यावरून परवाना रद्द, हा नमुना मी सर्वाधिक पाहिला. निव्वळ गुन्हा दाखल असणं म्हणजे सार्वजनिक शांतता धोक्यात येणं नव्हे, असं उच्च न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. त्या भांडणात बंदूक बाहेर आली होती का, हा खरा प्रश्न. आली असेल तर मात्र माझ्याकडेही फारसं औषध नाही.

आदेश हातात आला की आधी तारीख पाहा. अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते, पण त्यावर विसंबू नका. आता एक बारीक गोष्ट, जी भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. कायद्याप्रमाणे प्राधिकाऱ्याने कारणं लिहून ठेवायची असतात, पण त्यांचं संक्षिप्त निवेदन तुम्हाला "मागितल्यावर" मिळतं. सार्वजनिक हिताचं कारण देऊन ते नाकारताही येतं, पण मागितलंच नाही तर प्रश्नच मिटला. म्हणून आदेश मिळाला त्याच दिवशी कारणांची मागणी करणारा अर्ज द्या.

त्या कारणांना एवढं महत्त्व का? १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिलं, की आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासायची, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणं भरून आदेश सावरता येत नाही. "पोलीस अहवाल प्रतिकूल असल्याने अर्ज नामंजूर" एवढ्या एका ओळीचा आदेश असेल, तर त्याचा पाया तिथेच कच्चा.

अपील कुणाकडे? जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश असेल तर विभागीय आयुक्तांकडे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकरांना त्यासाठी कोकण भवन गाठावं लागतं. पोलीस आयुक्तांचा आदेश असेल तर राज्य शासनाच्या गृह विभागाकडे. शासनाने स्वतः किंवा शासनाच्या निर्देशावरून दिलेल्या आदेशावर अपीलच नाही, तिथे थेट उच्च न्यायालय. अपिलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज द्यायला विसरू नका. अपील दाखल झालं म्हणून मूळ आदेश थांबत नाही, अपील प्राधिकाऱ्याने तसं सांगावं लागतं. आणि तुम्हाला ऐकून घेतल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही.

उच्च न्यायालयाची पायरी

अपिलात हरलात, अपीलच उपलब्ध नाही, किंवा प्राधिकारी गप्प बसला, या तिन्ही वेळी अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. तिसरा प्रकार नीट समजून घ्या. अपील आदेशाविरुद्ध असतं, मौनाविरुद्ध नसतं. दोन वर्षं अर्ज पडून असेल तर अपील करायला काही हाती नाही. अशा वेळी परमादेश, म्हणजे प्राधिकाऱ्याने आपलं काम करावं असा न्यायालयाचा हुकूम, मागायचा, आणि मागणी लहान ठेवायची: "माझ्या अर्जावर अमुक आठवड्यांत कायद्याप्रमाणे निर्णय द्यावा." परवानाच द्या म्हटलं तर न्यायालय कचरतं, निर्णय द्या म्हटलं तर सरकारी वकीलही फारसं ताणत नाहीत.

अपिलाची वाट उपलब्ध असताना थेट याचिका केली तर बहुधा परत पाठवतात. १९९८ च्या व्हर्लपूल निकालात अपवाद सांगितले आहेत. मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्याय डावलणं, अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. नोटीस न देता परवाना रद्द केला असेल तर दुसरा अपवाद वापरता येतो.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी त्याच्याकडे आले. सावंतवाडीच्या माणसाला आता मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही, घाट चढला की झालं. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अटही नाही.

शस्त्र गुन्ह्यात जप्त झालं, किंवा ठाण्यात खराब झालं

जप्ती झाली की पोलिसांनी दंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं. मुद्देमाल परत मिळण्यासाठी खटला सुरू असेल तर संहितेच्या कलम ४९७ खाली आणि त्याआधी ५०३ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. जुन्या फौजदारी संहितेत ही कलमं ४५१ आणि ४५७ होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं की मुद्देमाल ठाण्यात विनाकारण कुजवत ठेवू नका, पंचनामा, फोटो आणि बंधपत्र घेऊन मालकाला द्या. परवाना चालू असेल तरच शस्त्र मिळेल हे उघड आहे.

आणि ते गंजून, दस्ता चिरफाळून परत आलं तर? इथे कायद्याने मोठा प्रवास केला आहे. १९४७ मध्ये मेरठला पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, आणि मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलनेच ते लांबवून पाकिस्तान गाठलं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कस्तुरीलाल खटल्यात म्हटलं की हे सार्वभौम कार्य, राज्य भरपाई देणं लागत नाही. पण १९६७ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात न्यायालयाने जप्त मालाची राखण ही राज्याची जबाबदारी मानली. १९९४ मध्ये नागेंद्र राव खटल्यात जप्त खत पडून-पडून वाया गेलं, तेव्हा भरपाई द्यायला लावताना न्यायालयाने सार्वभौमत्वाची ती जुनी ढाल बाजूला सारली. म्हणून जमा करतानाचे फोटो आणि पावतीवरची "अवस्था: चांगली" ही नोंद.

अधिकाऱ्यावर वैयक्तिक कारवाई

इथे लोकांच्या अपेक्षा सर्वांत जास्त आणि कायद्याची मदत सर्वांत कमी. शस्त्र अधिनियमाचं कलम ४० सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. हुद्द्यावरून काढता येण्यासाठी शासनाचीच मंजुरी लागते अशा अधिकाऱ्यावर कर्तव्यातल्या कृतीसाठी खटला भरायचा, तर संहितेच्या कलम २१८ ची पूर्वपरवानगी लागते. म्हणून तुमच्याकडे निव्वळ चूक आहे की दुष्टहेतू, हे आधी स्वतःला विचारा. लाच मागितली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. त्या तक्रारीला परवान्याच्या कायद्याशी देणंघेणं नाही.

मारहाण, बेकायदा अटक, शिवीगाळ झाली असेल तर राज्य मानवी हक्क आयोग आहे, पण तिथे घटनेपासून एका वर्षात जावं लागतं. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रशासनातल्या अन्यायासाठी लोकायुक्त आहेत. दिवाणी दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. उलट पोलिसांविरुद्ध कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृतीबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ ने सहा महिन्यांची आखूड मुदत घातली आहे. म्हणून वकिलाकडे पहिल्या महिन्यातच जा.

भरपाईचे निकाल आहेत. १९८३ मध्ये रुदुल साहला निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात काढल्याबद्दल, आणि १९९३ मध्ये नीलाबती बेहेरांना मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल घटनात्मक न्यायालयाने थेट भरपाई दिली. १९९३ च्याच लखनौ विकास प्राधिकरण खटल्यात छळवणूक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून रक्कम वसूल करण्याची वाट न्यायालयाने दाखवली. पण ही प्रकरणं कोणत्या दर्जाची होती ते पाहा. बंदूक महिनाभर उशिरा मिळाली म्हणून लाखांचा आकडा याचिकेत लिहिलात, तर मूळ मागणीचं गांभीर्यही जातं. खर्च मागा, शस्त्र मागा, कारणं मागा.

अजून एक, कारण दरवर्षी कुणीतरी यात सापडतो. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. बार काढून डुकरं पळवता येतात, मारायची तर वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. त्या एका डुकरापायी परवाना, बंदूक आणि जामीन तिन्ही गोष्टींसाठी कोर्टात फेऱ्या घालणारा पक्षकार समोर बसतो, तेव्हा या लेखातलं एकही कलम त्याच्या कामी येत नाही.